बरं, बेटर, बेस्ट

फळ्यावर ‘गुड, बेटर, बेस्ट’ लिहून अनुजा वळली, आणि समोरची चाळीस पोरं सोडून तिनं आधी शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

तिथे तिचा बाप, आकाराम, बसला होता. इस्त्रीचा सदरा, डोक्याला पांढरी टोपी, गुडघे बाकात अडकलेले. गडमुडशिंगीच्या शाळेनं आज पालकांना एक तास वर्गात बसायला बोलावलं होतं. आकारामची मुलगी आठवीत नव्हती, ती आठवीला इंग्रजी शिकवत होती. पण पालक तो पालकच, म्हणून सकाळचं दूध डेअरीला घालून तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

अनुजाला आज त्याच्याकडून एक शब्द हवा होता. फक्त एक. आणि तो ‘बरं’ नको होता.

‘बरं’ तिच्याकडे पोत्यानं साठलं होतं. दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले, तेव्हा “बरं हाय.” बी.एड.ला कॉलेजात पहिली आली, तेव्हा “बरं झालं.” नोकरीचा कागद हातात दिला, तर तो उलटसुलट बघून म्हणाला, “बरं हाय की.” बापाची जीभच जड म्हणावी, तर तसंही नव्हतं. शेजारच्या हंबीररावांची लेक बँकेत लागली तेव्हा हाच माणूस भर चौकात ओरडला होता, “हंबीरराव, पोरगी न्हाय, वाघीण हाय तुझी!” त्या दिवशी अनुजा मोरीत नळ सोडून रडली होती. चोवीस वर्षांची घोडी, पण रडली होती.

“तुलना करताना कुणापेक्षा ते सांगायचं,” ती वर्गाला म्हणाली. “चला, वाक्य करा.”

पोरं कोल्हापूरकडची. मधली पायरी त्यांना मंजूरच नव्हती. आपलं ते बेस्ट, दुसऱ्याचं ते गुड, आणि बेटर म्हणजे नुसता वेळ घालवणं. शेवटी मोना उठली. “तांबडा रस्सा इज हॉटर दॅन पांढरा रस्सा.” वर्गानं टाळ्या पिटल्या, मागच्या बाकांवरून शिट्टीही आली.

मग सम्राटनं हात वर केला. “बाई, आकारामआबांची म्हैस गावात सगळ्यांत मोठी हाय. हे इंग्लिशमदी कसं सांगायचं?”

आकाराम ताडकन उठला. “आरं न्हाय, न्हाय! कसली मोठी? बरी हाय आपली. बऱ्यापैकी हाय.”

सगळा वर्ग हसला. म्हैस हत्तीएवढी आहे हे गावाला ठाऊक होतं. अनुजाही हसली, पण आत कुठंतरी चरचरलं. म्हशीला आणि मुलीला एकच शब्द! तिनं सम्राटला वाक्य करून दिलं, त्यानं ते दोनदा ठणकावून म्हटलं. “बिगेस्ट म्हैस इन गडमुडशिंगी!” या खेपेला आकाराम गप्प बसून राहिला. त्याला कळलं नसावं.

तरी अनुजा हटली नाही. आज वर्ग जिंकायचाच, असं तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं. तिनं पालकांनाही उठवलं. जन्मात पाटी न धरलेली अंबूबाई सुनेच्या शेजारून उठली, पदर खोचला आणि म्हणाली, “माय भाकरी बेटर दॅन सून!” सुनेनं तोंड फिरवलं, मग तीच आधी हसली. घंटा झाली तरी कुणी बाकावरून हलेना. असा तास या शाळेत झाला नव्हता, आणि हे अनुजाला स्वतःलाही कळत होतं.

फाटकापाशी बायकांनी तिला गराडा घातला. “बाई, एक नंबर! आमास्नीबी आलं की वो इंग्लिश!” हंबीररावांनी तर हातच जोडले. आकाराम जरा लांब, सायकलचं हँडल धरून उभा होता. अनुजा गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे गेली.

“आबा, कसं शिकवलं?”

“बरं शिकवलंस की.”

तिचा तोल गेला. “हंबीरकाकांची पोरगी वाघीण, आणि मी जन्मभर नुसती ‘बरी’? एवढं सगळं गाव म्हणतंय, आबा. तुमी एकदा तरी म्हणा की!” आवाज फुटला तिचा. फाटकापाशी सगळे वळून बघू लागले.

आकाराम गडबडला. त्यानं टोपी काढली, परत घातली. लेकीला जवळ बोलावून हळूच विचारलं, “फळ्यावरचा त्यो शेवटला शब्द काय गं?”

“बेस्ट.”

“आन् पोरीला काय म्हंत्यात?”

“डॉटर. माय डॉटर.”

त्यानं ते दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं. मग छाती काढली आणि पलीकडच्या शिवारातल्या माणसाला हाक मारावी तसा ओरडला, “माय डॉटर बेस्ट! हंबीरराव, ऐकलंस का? बेस्ट! बेस्ट!”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. हंबीररावांनी टाळी दिली. अनुजा हसत होती आणि डोळे पुसत होती. चोवीस वर्षांचं सगळं ‘बरं’ त्या तीन शब्दांत फिटलं होतं. तिची मान अशी ताठ झाली की तिलाच लाज वाटली.

“मग आबा, एवढी वर्षं मराठीत का न्हाय म्हणाला?”

आकारामनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला शिकवून चुकलंच.

“खुळी का काय तू? मराठीत म्हणून दिष्ट लावून घ्यायची व्हय तुला? दिष्टीला कुठं इंग्लिश येतंय!”