दोन्ही हात

"रोजच्या वापराला, परवडंल असा लॅपटॉप दावा की," वच्छलाबाई म्हणाल्या, तसं नवी पेठेतल्या दुकानात ऋतुराजनं मधल्या किमतीचे दोन लॅपटॉप मांडले आणि एकावर गाणं लावलं. "ताई, या किमतीत असा आवाज अख्ख्या सोलापुरात मिळायचा नाही!" त्यानं आवाज पार वर नेला. शेजारच्या गिऱ्हाइकानं मान डोलावली, पण वच्छलाबाईंची लेक दिपाली ढिम्म. तिनं थेट कॅमेरा चालू केला, मागं सरली आणि पडद्यात बघत भराभरा हात हलवू लागली. पहिल्यावर हात पुसट दिसले. तिनं तो बाजूला सारला. दुसऱ्यावर बोटन् बोट लख्ख दिसलं, तशी तिनं जागेवरच उडी मारली आणि हसत आईला गदागदा हलवलं.

ऋतुराज खट्टू झाला. "मावशी, ताईंना आवाज नाही का आवडला?"

"तिला ऐकू येत न्हाय रं बाबा. व्हनाऱ्या जावयालाबी न्हाय. दोघं हातानंच बोलत्यात."

ऋतुराजनं गाणं बंद केलं. "पण मग फोनवर व्हिडिओ कॉल होतोच की."

"व्हतोय. पर एका हातानं फोन धरल्यावर बोलायला एकच हात उरतोय. साखरपुडा झाल्यापासनं पोरगी अर्धंच बोलतीया." वच्छलाबाईंनी नाचणाऱ्या लेकीकडं बघितलं. "बांदा ह्योच. आज जावयाची काय खैर न्हाय!"