कोथिंबिरीखालची लवंग

"डायनिंग टेबलवर कडधान्यं मांडून बसायचं वय आहे का हे?" आसावरीनं पोळ्यांचा डबा आपटला. "उचला सगळं. जेवायचंय."

मनोहरराव हलले नाहीत. नागपूरच्या शाळेतून निवृत्त झालेला इतिहासाचा मास्तर, लेकीच्या ओहायोतल्या घरी दुसरं काय करणार? एकेक लढाई मांडायची. आज ऑटरबर्नची होती. चौदावं शतक, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवरचं रान. राजमा म्हणजे स्कॉटिश, काबुली चणे इंग्रज. चणे कितीतरी जास्त. राजम्यांच्या पुढे एक लवंग उभी होती, सेनापती डग्लस.

"हा पडला." त्यांनी लवंग आडवी केली आणि वर कोथिंबिरीचं पान ठेवलं. "झुडपाखाली लपवला. सैन्याला कळलं असतं तर हातपाय गळाले असते. मेलेल्या माणसानं जिंकलेली लढाई आहे ही."

"लपवण्यात तुमचा हात कोण धरणार!"

कशाबद्दल बोलणं चाललंय, दोघांनाही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी पीएच.डी.च्या डिफेन्सला, त्या शेवटच्या तोंडी परीक्षेला निघताना तिनं नागपूरला फोन लावला होता. "आई झोपलीय," ते म्हणाले होते. "तू जा, डिफेन्स दे." आई त्याआधीच गेली होती. पुढे एकट्या पडलेल्या वडिलांना आसावरीनं इथं आणलं, त्यांची औषधं सांभाळली. पण 'बाबा' म्हणून हाक मारली नाही. 'ऐकलंत का', 'जेवायला या', एवढंच.

"लपवा, असं त्यानंच सांगितलं होतं," मनोहरराव हळूच म्हणाले. "मरणाऱ्यानं." त्यांची नजर भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे होती.

"तुमचा डग्लस तुम्हालाच लखलाभ."

ताट घेऊन ती सोफ्यावर जाऊन बसली.

सकाळी ते उठले नाहीत.

पॅरामेडिक येऊन गेले. फ्युनरल होमची गाडी अजून यायची होती. आसावरी टेबलापाशी बसून राहिली. कोथिंबिरीचं पान सुकून आक्रसलं होतं. खालची लवंग उघडी पडली होती.

फोन वाजला. दूरच्या फ्रिस्को शहरातून धाकटा भाऊ, ऋषी. मंदीत नोकरी गेल्यापासून आलेला हा पहिला इंटरव्ह्यू. हुकला तर बाडबिस्तरा बांधून भारतात परत.

"ताई, निघालो गं. बाबांना दे ना, नमस्कार करतो. आज जमवतोच बघ यार!"

त्याच्या आवाजात इतकी उमेद तिनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. तिनं तोंड उघडलं. समोर फोटोतली आई पाहत होती. बोटानं तिनं ते सुकलेलं पान पुन्हा लवंगेवर सारलं.

"ताई? अगं, बाबा कुठेत?"

"बाबा झोपलेत," ती म्हणाली. "तू जा, इंटरव्ह्यू दे."