बनवणारा

शहापूरच्या त्या अकरा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्राममधल्या चुका नोंदवायला एक फुकटचं, कुणीही वापरावं म्हणून खुलं ठेवलेलं ओपन सोर्स टूल वापरायचे. कंपनीच्या मालकांना, सरांना, आता त्याऐवजी मोठ्या कंपनीचं विकतचं टूल घ्यायचं होतं.

"उद्या काही अडलं तर विचारणार कुणाला?" ते म्हणाले.

"बनवणाऱ्यालाच, सर," तिथे काम करणारी निशिगंधा म्हणाली. "एकटाच आहे तो, पण तीन वर्षं मी लिहितेय, त्याच दिवशी दुरुस्त करून देतो."

"मग आठवडाभर वाट बघू, उत्तर येतं का ते. नाहीतर विकतचं घेऊ."

तिने लगेच एक अडचण लिहून पाठवली. आठवडा सरत आला तरी उत्तर नाही, म्हणून टूलच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन लावला. तो उचलला एका बाईने, मुरबाडपलीकडच्या वैशाखरे गावातून. निशिगंधाने टूल बनवणाऱ्या धम्मपालची चौकशी केली.

"धम्मपाल नाय गो आता. दोन महिने झाले त्याला जाऊन. मी आई त्याची."

त्याने बनवलेलं टूल आम्ही वापरतो, असं निशिगंधाने सांगितलं.

"तो काय करायचा ते आमाला कदी कळलंच नाय," आई म्हणाली. "रिकामा बसतो म्हणून बाप रोज बोलायचा त्याला. तो म्हणायचा, लोकांच्या उपयोगी पडतं. खरंच पडायचं का गो?"

"रोज, मावशी. आमचं सगळं काम त्याच्यावरच चालतं."

"मग तसं त्याला सांगितलं होतं का कुणी?"

तीन वर्षांत निशिगंधाने त्याला कितीतरी वेळा लिहिलं होतं, आणि दर वेळी फक्त काय बिघडलंय तेवढंच.