तिसरी खुर्ची

बोर्डवर तीन खुर्च्या होत्या. असायला हव्या होत्या दोन.

बोर्डवाला शिडीवर चढलेला, बोर्ड दोरांवर लटकलेला, आणि खाली फुटपाथवर डिझायनर बाई मान वर करून उभी. तिने पुन्हा मोजल्या. तीनपर्यंत मोजायला असा कितीसा वेळ लागतो, तरी मोजल्या. एक मोठी, एक मधली आणि कडेला एक लहान. घोळ कुठे झाला हे तिच्या लगेच लक्षात आलं.

दुकान खुर्च्यांचं. मालकांना तिच्या ऑफिसात सगळे 'बघूया काका' म्हणत. लोगो बघायला ते स्वतः यायचे. चष्मा पुसत कॉम्प्युटरसमोर बसायचे, निळा छान म्हणायचे, मग तपकिरी छान म्हणायचे, खुर्चीची पाठ वाढवायला लावायचे, कमी करायला लावायचे आणि उठताना "बघूया" म्हणून निघून जायचे. बाकी सगळं कसंबसं ठरलं, पण तिसऱ्या खुर्चीवर गाडं अडलं ते अडलंच. आज "काढा", उद्या "असू दे". असल्या गिऱ्हाइकाचं काही ती कधी पुसत नसे, नुसतं लपवून ठेवी. एक बटण दाबलं की खुर्ची गायब, पुन्हा दाबलं की हजर.

"धाकट्याची आहे ती," एकदा काका स्क्रीनकडे बघतच म्हणाले होते. "भांडून गेला घरातून. थोरला म्हणतो, आता दोनच ठेवायच्या."

तिने ऐकलं आणि बटण दाबलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आई गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं. कामं होत होती, लोक बोलत होते, तीही उत्तरं देत होती, आणि आत कुठे काही हलत नव्हतं.

शेवटी थोरल्यासमोर "काढा" ठरलं. लपवलेलं सगळं पुसून मगच फाइल पाठवायची, हे ती ऑफिसातल्या प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगायची. बोर्डवरची चित्रं कापणाऱ्या मशीनला काय लपवलंय ते कळत नाही, ते आपलं सगळंच कापत सुटतं. या वेळी नेमकी तीच विसरली. बोर्डवाल्याने मशीनमधून आलं ते इमानेइतबारे चिकटवलं.

थोरला हात पुसत बाहेर आला. त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, हे काय? दोन ठरल्या होत्या ना?"

काका त्याच्या मागोमाग आले होते. ते नुसते वर बघत राहिले.

"माझी चूक आहे," बाई म्हणाली. माफी मागायची वाक्यं तिला पाठ होती, ती तिने सरळ आवाजात म्हणून टाकली. "फाइलमध्ये राहून गेली. बोर्ड उतरवू या. मी नवा करून देते."

"तुमची चूक?" काकांनी विचारलं.

"हो."

"मी ठेवायला सांगितली नव्हती?"

"नाही काका. तुम्ही काढायलाच सांगितली होती."

"नीट आठवून सांगा."

"काढाच म्हणाला होतात."

"ऐकलंस?" काका थोरल्याकडे वळले. "मी शब्द फिरवला नाही. यांच्या हातून झालं."

"मग बदलून देतायत ना त्या! घ्या बदलून."

"राहू दे."

"बोर्ड बघून तो परत येणार आहे का?"

"मी कुठे म्हणतोय, येईल म्हणून?" काकांचा आवाज अगदी साधा होता, भाव विचारल्यासारखा. "झाली चूक. कोणी विचारलं तर सांगू, चुकून झालंय."

थोरला मग बाईकडे बघून म्हणाला, "तुम्ही असं कसं करता हो, मॅडम?" उत्तराची वाट न बघता तो आत गेला. आतून रंधा चालू झाल्याचा आवाज आला, जरा जास्तच जोरात.

बाई फुटपाथवर उभीच होती. आपण मुद्दाम केलं असतं तर हे जमलं नसतं, असं तिच्या मनात आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आत काहीतरी हललं.

बोर्डवाल्याचे हात भरून आले होते. "काका, तुमचं काय ते लवकर ठरवा," तो वरून ओरडला. "नाहीतर असं करतो, आत्ता चार कोपऱ्यांचे तेवढे स्क्रू लावतो. उद्या बदलायचा म्हणालात तर काढायला सोपं."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला. आता 'बघूया' येणार, म्हणून बाई वाट बघत राहिली.

"सगळे लाव," काका म्हणाले.