बाथरूमची नवी कडी

खट्ट! बाथरूमची नवी कडी आतून लागली आणि श्वास रोखून बसलेल्या घरातली शांतता मोडली. दाराबाहेर मृण्मयी मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत राहिली. तो लाल झाला, तर उपचार पुन्हा पहिल्यापासून.

कॉलेजात असताना एका ओळखीच्याने अशीच कडी लावून तिच्यावर जबरदस्ती केली होती. पुढे नुसती कडी वाजली, तरी ती दिवसच्या दिवस अंथरुणातून उठत नसे. म्हणून या घरात कुठल्याच दाराला कडी नव्हती. आत कुणी आहे हे कळावं म्हणून सगळे गाणी म्हणत आंघोळ करत. डॉक्टरबाई हल्ली तिच्याकडून त्या खोलीतला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगून घेत, आणि ती सांगत असताना पट्टा आठवणीतली भीती तेवढी वेचून घेई.

पट्टा हिरवाच राहिला.

"मृणू? ठीक आहेस ना?" आतून तिच्या नवऱ्याने, निनादने घाबरत विचारलं.

"एकदम! पुन्हा वाजव बघू. आणि तुझं ते बेसूर गाणं आजपासून बंद, शेजारी पेढे वाटतील!" ती खळखळून हसली.

छोटी इरा मात्र विचारात पडली. आईच्या कुशीत शिरत म्हणाली, "सगळ्यांकडे कडी असते. मग आपल्याकडेच का नव्हती गं, आई?"