दोन घड्याळांचं दुखणं

चुडामण नानांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि दोन्ही घड्याळं काचेच्या पेटीवर ठेवली. एक वडिलांचं. एक लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. दोन्ही चावीची, दोन्ही बंद.

पेटीपलीकडे बसलेल्या रत्नमान शाक्यांनी डोळ्याला भिंग लावलं. काठमांडूच्या त्या अरुंद गल्लीत बाहेर गर्दीचा गलका होता, पण नानांना फक्त घड्याळाची पाठ उघडल्याचा बारीक 'टक्' ऐकू आला. शेजारी सुंदरबाई बसल्या होत्या. ओठ हलत होते, पदराखाली जपमाळ फिरत होती.

पाचोऱ्याहून जळगाव, जळगावहून गोरखपूर, पुढे सीमा ओलांडून बस. गावातले लोक हसत. "नाना, आपल्याकडचे घड्याळजी बठ्ठेच्या बठ्ठे मेले का?"

"मेले नाहीत रे. त्यातल्याच एकानं माझ्या बापाच्या घड्याळातलं असली चाक काढून नकली बसवलं होतं," नाना म्हणत. पशुपतिनाथाच्या पहिल्या यात्रेत रत्नमानजींनी ते ओळखलं होतं आणि कुठून तरी असली चाक मिळवून बसवलं होतं. तेव्हापासून घड्याळं या एकाच माणसाच्या हाती. नाना मुलाचं, भूषणचं, ऐकत नसत, बायकोचं ऐकत नसत. रत्नमानजींचा शब्द मात्र शेवटचा.

डॉक्टरांचं तर मुळीच ऐकत नसत. आषाढात त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, पाण्याचा पेला निसटायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटाशी नस दबलीय, लहानसं ऑपरेशन आहे. पण उशीर केलात तर अंगठ्यातला जोर कायमचा जाईल. नानांना ते खपलं नाही. उभा जन्म जिनिंगमध्ये कापूस पारखलेला माणूस. रुईचा पुंजका चिमटीत ओढून तंतूची लांबी सांगायची, हीच त्यांची ओळख. त्या अंगठ्याला नावं ठेवायची म्हणजे काय?

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. नानांनी जाताना दोन्ही घड्याळं नेली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. रागावले की ते खानदेशीवर येत.

"रोज सकायले याच हातथीन चावी देस मी. घड्याळ चालू शे ना? मंग हात बी चालू शे!"

डॉक्टर हसले. सुंदरबाई हसल्या नाहीत.

आणि त्याच आठवड्यात दोन्ही घड्याळं थांबायला लागली. सकाळी चावी दिली की दुपारच्या जेवणापर्यंत काटे गार. घड्याळं बिघडली, नानांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी हातपाय धुताना ती दोन्ही देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायची, बापाची आठवण देवाजवळ असावी म्हणून, ही त्यांची जुनी रीत. तेवढी चालूच राहिली. ते ओट्यावर जाऊन बसत आणि आत सुंदरबाई दिवा लावत.

सुंदरबाईंचे नेम गल्लीला माहीत होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. सांजवात लावल्याशिवाय तोंडात घास नाही. एकादशी, प्रदोष, वर अमुक वाराचं मौन. अंगात ताप असतानाही त्यांचा नेम चुकला नव्हता. येताना बसमध्ये नाना चिडून म्हणाले होते, "एवढे नेम करतेस, एखादा या घड्याळांसाठी केला असतास तर!" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या होत्या.

रत्नमानजींनी भिंग काढलं.

"दो घड़ी एक साथ बीमार नहीं होती, नानाजी. जरा आप चाबी दीजिए."

नानांनी वडिलांचं घड्याळ घेतलं. चिमटीत चावी धरली. चार वेळा फिरली, मग बोटांतून सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली.

"भर गयी," नाना म्हणाले.

रत्नमानजींनी घड्याळ आपल्याकडे घेतलं आणि चावी फिरवायला लागले. कर्र, कर्र, कर्र. ती फिरतच राहिली. नाना ऐकत राहिले. बरंच ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या अंगठ्याकडे बघितलं. त्याच्या बुडाशी खड्डा पडला होता. आजवर तो त्यांना दिसलाच नव्हता.

"घड़ी में कोई खराबी नहीं," रत्नमानजी हळू आवाजात म्हणाले. "हाथ डॉक्टर को दिखाइए. मेरा भी यही हुआ था. देखिए, आज भी काम कर रहा हूँ." त्यांनी आपलं मनगट उलटं करून दाखवलं. तिथे एक बारीक पांढरी रेघ होती.

नानांनी सोडलेला श्वास सुंदरबाईंना ऐकू आला. वडिलांचं घड्याळ शाबूत होतं. आणि हातही दुरुस्त होणारा होता. तसं खुद्द रत्नमानजी म्हणत होते.

"भूषणला फोन लाव," नाना बायकोला म्हणाले. "म्हणावं, धुळ्याची तारीख घेऊन टाक."

सुंदरबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. रत्नमानजींनी दुसऱ्यालाही चावी दिली; पेटीवर दोन्ही घड्याळं टिकटिकायला लागली. नाना हसत हसत उठले आणि उठता उठता थांबले.

"पण अंगठा तर आषाढातच गेला होता. मग दिवाळीपर्यंत ही चालली कशी?"

जपमाळ थांबली.

"दिवेलागणीला मी देत होते चावी," सुंदरबाई म्हणाल्या. "दोन्हींना. आधी चावी, मग वात. नेमच धरला होता."

"मग सोडलास का?"

"जन्मात तेवढा एकच नेम मोडला मी. तुम्ही डॉक्टरांच्या टेबलावर घड्याळं ठेवलीत ना, त्या संध्याकाळी."