सोडलेलं काम

पुण्यातल्या कंपनीत दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन मल्लिकार्जुन विटला होता. जिथं मन लागत नाही तिथं आयुष्य कशाला घालवायचं, असं म्हणून त्यानं राजीनामा दिला आणि गाणगापूरची गाडी धरली. आईला सांगायचं कसं, एवढीच धास्ती होती. अंबुबाई तिथल्या एका लॉजवर वर्षानुवर्षं यात्रेकरूंच्या चादरी धूत आली होती. अंगात ताप असला तरी तिनं कधी खाडा केला नव्हता.

भर दुपारी ती घराच्या ओट्यावर पाय पसरून निवांत बसलेली दिसली.

"माय, आज कामाला गेली न्हाईस?"

"सोडलं की काम."

तो बघतच राहिला. "कामून?"

"तूच म्हनायलास न्हवं दर फोनला, आवडत न्हाई ते काम करू नये म्हनून. सोड्यानं हात सोलून निघाले तरी मला ते पटत नव्हतं. काल मालक लईच बोलला, तवा तुझं आठवलं. म्हनलं, माझं पोरगं नोकरीला हाय, मी कामून ऐकून घेऊ?"

अंबुबाई हसली. आईला इतकं मोकळं हसताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"तू बी रजा काढून आलास, बरं केलास. आता ऱ्हा चार दिवस."

मल्लिकार्जुननं खांद्यावरची बॅग खाली ठेवलीच नाही.

"न्हाई माय, संध्याकाळच्या गाडीनं परत निघतो. उद्या सायबाला भेटाय पायजे."